डुकरीण वर्षातून किती वेळा विते? वराहपालनातले भाकड दिवसांचे गणित

डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण असते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, अशी ही लक्षात ठेवायची सोपी खूण. हा काळ निसर्गाचा, त्यात बदल करता येत नाही. पालकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: पिल्ले आईपासून कधी तोडायची, आणि त्यानंतर मादी किती लवकर पुन्हा गाभण राहते.

दूध पाजत असताना मादी सहसा माजावर येत नाही. पिल्ले तोडल्यावर ४ ते ७ दिवसांत येते. पिल्ले ५६ दिवसांनी तोडली तर एक फेरा साधारण १७६ दिवसांचा होतो, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन वेत. २८ दिवसांनी तोडली तर तोच फेरा १४८ दिवसांवर येतो आणि वर्षाला जवळपास अडीच वेत मिळतात. हिशेब छान दिसतो, पण इतक्या लहान पिल्लांना पचणारे खास खाद्य आणि ऊब लागते. ते नसेल तर हगवण लागून पिल्ले दगावतात. तशी सोय नसणाऱ्याने सहा आठवडे थांबलेलेच बरे.

खरा तोटा होतो तो माज हुकल्याने. माज सरासरी २१ दिवसांनी येतो. एक हुकला की मादी तीन आठवडे भाकड, आणि रोज दोन किलो खाद्य धरले तरी चाळीस किलोंहून जास्त खाद्य फुकट जाते.

योनी लाल होणे, सुजणे, अस्वस्थपणा, दुसऱ्या मादीवर चढणे ही माजाची लक्षणे. पण पक्की खूण एकच: कमरेवर दोन्ही हातांनी दाबले की मादी कान ताठ करून खांबासारखी उभी राहते. जवळ नर असेल तर हे जास्त स्पष्ट दिसते, कारण नराच्या लाळेतला वास तिला उत्तेजित करतो. ही तपासणी सकाळ-संध्याकाळ करावी. अशी स्थिती दोन-तीन दिवस टिकते आणि बीज त्याच्या उत्तरार्धात सुटते. म्हणून भरवणे किंवा कृत्रिम रेतन एकदाच न करता १२ ते २४ तासांच्या अंतराने दोनदा करतात.

नंतर १८ ते २४ व्या दिवशी मादी उलटते का, हे पाहायचे. न उलटल्यास ती बहुधा गाभण असते. महिनाभराने सोनोग्राफीत खात्री होते. या पहिल्या महिन्यात तिला हलवणे किंवा अनोळखी माद्यांत सोडणे टाळावे. गर्भ तेव्हा नीट रुजलेले नसतात.

उन्हाळ्याचा फटका उशिरा कळतो. डुकराला घाम जवळपास येतच नाही आणि तापलेल्या नराचे वीर्य पुढचे काही आठवडे कमकुवत राहते. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हाचा परिणाम म्हणूनच जूनमध्ये भरवलेल्या माद्या उलटण्यात दिसू शकतो. दोष मादीला दिला जातो, तो भाग वेगळा.

भरवण्यासाठी शेजाऱ्याचा नर आणण्याची पद्धत स्वस्त, पण धोक्याची. त्याच्यासोबत आजारही येतात. २०२० मध्ये आसामात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर आजारी जनावराच्या संपर्कातून आणि वीर्यातूनही पसरतो, आणि त्यात बहुतेक जनावरे मरतात. बाहेरून नवा नर विकत घेतलाच, तर किमान महिनाभर तो कळपापासून वेगळा ठेवावा.