पेंटर की रेडियम?

गाडीवर नाव टाकायचं म्हटलं की आपण चौकातल्या 'रेडियम'वाल्याकडे जातो. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा या दुकानाशी काडीचाही संबंध नाही! ते खरं रेडियम घातलेला रंग एकेकाळी घड्याळाच्या काट्यांना लावत आणि काटे अंधारात आपणहून चमकत. आपलं रेडियम म्हणजे चिकट पट्टी. तिच्यावर दिव्याचा झोत पडला की ती तो परत पाठवते, एवढंच. पुढे न चमकणारं साधं स्टिकरही रेडियमच झालं.

या रेडियमने ट्रकच्या पेंटरला संपवलं, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, गोष्ट जरा वेगळी आहे.

१९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षं कारखान्यातून बहुतेक ट्रक निघत ते नुसती चासी म्हणून. केबिन आणि लाकडी बॉडी बांधायची बॉडीवाल्याने. सुताराचं झालं, लोहाराचं झालं, की शेवटी पेंटर. त्याच्याशिवाय गाडी पुरीच होत नसे. सरकारी कामही त्याच्याकडेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नॅशनल परमिटच्या ट्रकला वाळलेल्या पानाचा तपकिरी रंग आणि जाड पांढरी किनार ठरवून दिली होती. मालकाचं नाव, गाव, परमिट, सगळं ब्रशने. कमळ, मोर आणि 'हॉर्न ओके प्लीज' ही त्यावरची हौस. (ही अक्षरं महाराष्ट्राने २०१५ साली बंद केली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून.)

मग २००५ मध्ये टाटा एस आला, आपला छोटा हत्ती. पत्र्याच्या हौद्यासकट, कारखान्यातूनच रंगून! बॉडीवाला नाही, तर पेंटर कुठून येणार? उरलं फक्त नाव टाकणं, आणि ते काम मशीनवर कापलेल्या अक्षरांनी पटकन होतं.

हा सगळा विचार डोक्यात आला तो आतेभावामुळे. त्याने जुना टेम्पो घेतलाय. आत्या म्हणते रंगव, त्याची मुलगी म्हणते पूर्ण रॅप कर. मी आत्याच्या बाजूने. जुन्या पत्र्याला गंज असतो आणि गंजावर फिल्म धरत नाही, पापुद्र्यासारखी सुटते. स्वस्त फिल्म उन्हाने आकसते, कडा उचलतात. चांगली कास्ट फिल्म खिळ्या-वळणांवर नीट बसते, पण महाग. शिवाय माल चढवताना ओरखडा पडला तर रंगाला हात मारता येतो, फिल्मचा अख्खा तुकडाच बदलावा लागतो.

पण एका बाबतीत पोरीचं खरं. रात्री हायवेवर बंद पडलेल्या गाडीवरचा मोर कितीही देखणा असो, मागून येणाऱ्याला दिसत नाही. मागची लाल पट्टी दिसते, आणि तिने माणूस वाचतो. समोर पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, या पट्ट्या हव्यातच. तिथे हौसेचा प्रश्नच नाही.

राहता राहिलं अक्षर. हनीफ कुरेशी नावाच्या कलाकाराने रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकावरचे फाँट बनवले. २०२४ मध्ये तो गेला. म्हणजे आता पेंटरचं अक्षर रेडियमवाल्याच्या मशीनवरही कापता येईल. तरी आमच्याकडे ब्रश धरणारा एक पेंटर अजून आहे. टेम्पोवर नाव त्याच्याकडूनच घालून घ्यावं, असं मी आतेभावाला कळवलंय.