तक्रार नाही

वैजापूरच्या न्यायालयात मी वकिली करतो. अटकेतल्या माणसाला पहिल्यांदा हजर करतात तेव्हा न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" माणूस शेजारच्या शिपायाकडे बघतो आणि मान हलवतो. पोलीस कोठडी (पीसीआर) मिळाली तर त्याच गाडीतून परत जायचं असतं. कागदावर येतं : तक्रार नाही.

हा प्रश्न विचारणं बंधनकारक झालं ते एका पत्रामुळे. मे 1982 मध्ये पत्रकार शीला बरसे मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बरसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि निर्मला निकेतनच्या डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्या. भगवतींनी दंडाधिकाऱ्यांवर दोन कामं टाकली : छळ झाला का हे विचारायचं, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आरोपीला समजावून सांगायचा. 1996 च्या डी. के. बसू निकालानं कोठडीत दर 48 तासांनी तपासणीची भर घातली. पहिला प्रश्न आम्ही रोज ऐकतो. दुसरं काम घाईत राहून जातं, आणि माझ्या मते सगळी ताकद त्यातच आहे. माणूस भीतीनं गप्प राहील, पण अंगावरचे वळ डॉक्टरला दिसतात.

परभणीत हेच दिसलं. डिसेंबर 2024 मध्ये राज्यघटनेच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर हिंसाचार झाला, त्यात सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याला पकडलं. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं, त्यानं दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का नोंदला गेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनंही पोलिसांना जबाबदार धरलं. तरी गुन्हा नोंदवला जाईना. असा अहवाल आल्यावर पुढं काय करायचं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये लिहिलेलंच नाही! कायद्यातली ही उणीव संसदेनं आजवर भरून काढायला हवी होती.

सोमनाथची आई विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. 1981 साली हे खंडपीठ सुरू झालं नसतं, तर त्या माउलीला मुंबई गाठावी लागली असती. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील फेटाळलं.

तुमच्या घरातल्या कुणाला अटक झाली, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत हजर करावंच लागतं. त्या दिवशी कामधंदा सोडून कोर्टात या. वकिलाला वैद्यकीय तपासणीचा अर्ज तिथल्या तिथं द्यायला लावा, आणि डॉक्टरांनी काय लिहिलं त्याची नक्कल मागून घ्या.