चौथ्या कॅनलची कुळकथा

धरणगावात वरची मोठी दाढ ठणकू लागली, की माणूस दवाखान्यात जाऊन म्हणतो, ‘डाक्टर, नस मारी टाका.’ या दाढेला मुळं तीन, म्हणून आतल्या नसेच्या वाटा, म्हणजे कॅनलही तीनच, असा हिशेब डॉक्टरांनीही बरीच वर्षं धरला होता. तिन्ही साफ करायचे, भरायचे, वर कॅप बसवायची. तरी काही दाढा पुन्हा ठणकतच.

यातला एक गुन्हेगार म्हणजे गालाकडच्या पुढल्या मुळातला दुसरा, म्हणजे दाढेतला चौथा कॅनल. दंतवैद्य त्याला ‘एमबी टू’ म्हणतात. त्याचा शोध मात्र जुना आहे. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी 1917 मध्ये काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरून ते कडक केलं आणि दात आम्लात विरघळवून टाकले. उरला तो आतल्या वाटांचा ठसा: उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळीसारखा, फाटेच फाटे. वरच्या पहिल्या दाढेत चार कॅनल त्यांना निम्म्याहून अधिक वेळा सापडले.

मग हा चौथा विसरला कसा गेला? माझ्या मते दोष एक्स-रेवरच्या विश्वासाचा. ऑटो वाल्कहोफ यांनी 1896 मध्ये पंचवीस मिनिटं निश्चल राहून स्वतःच्या दातांचा फोटो घेतला, तेव्हापासून दंतवैद्यकाला डोळे आले खरे. पण एक्स-रे म्हणजे सावली. गालाकडून टाळूकडे किरण सोडले, की एकामागे एक उभे असलेले दोन कॅनल एकच रेघ होऊन दिसतात. 1910 मध्ये क्लार्क यांनी ट्यूब जरा सरकवून दुसरा फोटो घेण्याची युक्ती सांगितली होती. तरीही 1969 मध्ये अमेरिकेत वाइन यांना 208 दाढा कापून हे पुन्हा सिद्ध करावं लागलं: निम्म्याहून जास्त दाढांच्या त्या एका मुळात दोन कॅनल!

1984 मध्ये वर्टुची यांनी कॅनलचे आठ प्रकार मांडले. धुळ्यापासून मुंबईपर्यंतच्या डेंटल कॉलेजांत ते आजही पाठ करून घेतात. पण तेही काढलेल्या दातांवरून. जिवंत जबड्यातला दात आडवा-उभा कापल्यासारखा दाखवणारा कोन बीम सीटी 1998 च्या सुमारास इटलीतून आला. 2011 मध्ये चेन्नईच्या डॉक्टरांनी त्याच्या आधारे वरच्या एकाच दाढेत आठ कॅनल नोंदवले.

म्हणून प्रत्येक दाढेसाठी स्कॅन करायचा, असं नाही. किरणांची मात्रा वाढते, खिशालाही चाट बसते. तिरकस दुसरा एक्स-रे काढावा, त्याच मुळातल्या पहिल्या कॅनलच्या तोंडापासून टाळूकडच्या कॅनलपर्यंतचा तळ भिंगातून नीट शोधावा. चौथ्याचं तोंड बहुधा तिथेच, डेंटिनच्या पातळ थराखाली असतं.