तलफेचे माप

घाटकोपर पूर्वेला काय किंवा बोरिवली पश्चिमेला काय, औषधाच्या दुकानात निकोटिन गम मागितला की खरे तर एकच प्रश्न उरतो: दोनचा की चारचा? दोनचा म्हणजे २ मिलिग्रॅमचा, तो चिठ्ठीशिवाय मिळतो. चारच्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. सिगारेट सोडायचे मनावर घेतलेला माणूस चिठ्ठीसाठी रांगेत बसण्याइतका वेळ त्या निश्चयाला देत नाही, म्हणून बहुतेक जण दोनचाच घेऊन निघतात.

इंग्लंडात हाच प्रश्न वेगळ्या वस्तूबद्दल विचारला जातो. पहिली ई-सिगारेट कोणती घ्यावी, आणि तिच्यातल्या द्रवात निकोटिन किती असावे, ६, १२ की १८? आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच डिसेंबरात संसदेने केलेल्या कायद्याने हा प्रश्नच बाद केला. राहिले दोन आणि चार. तलफ मिलिग्रॅममध्ये मोजायची ही रीत जेमतेम पन्नास-साठ वर्षांची आहे. पण 'हीच वस्तू जरा कमी घातक करून घेऊ' हा विचार तंबाखूच्या पाठोपाठच आपल्याकडे आला.

असद बेग हा अकबराचा वकील. विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी तो गेला आणि १६०४ च्या सुमारास परतताना बरोबर तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन आला. पोर्तुगीजांनी आणलेले हे पान उत्तरेला ठाऊक नव्हते, दख्खनला होते. बादशहाने कौतुकाने एक-दोन झुरके घेतले आणि हकिमांनी हरकत घेतली. या औषधाबद्दल आमच्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही, तेव्हा त्याचे गुण आम्ही कसे सांगावेत, असा त्यांचा मुद्दा. फिरंगी काही मूर्ख नाहीत, पारखल्याशिवाय ते एखादी वस्तू वापरणार नाहीत, असे असद बेगचे उत्तर. नव्या वस्तूवरचा हा वाद २०१९ मध्ये दिल्लीत झाला तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ याच होत्या. अकबराने नाद लावून घेतला नाही. जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला हे त्यानंतरच्या मुघल चित्रांतले हुक्केच सांगतात.

हुक्क्याचे श्रेय हकीम अबुल फतह गिलानी याला देण्याची प्रथा आहे: धूर पाण्यातून नेला तर शुद्ध होईल म्हणून त्याने ही युक्ती काढली म्हणतात. मला ही कथा संशयास्पद वाटते, कारण हा हकीम १५८९ मध्ये वारला आणि असद बेगची नळी दरबारात आली ती पंधरा वर्षांनी. पण कथा खोटी असली तरी तिच्यातली आशा खरी आहे. थंड झालेला, घशाला न लागणारा धूर कमी घातक असणार असे माणसाला वाटते. तसे काही नसते. हुक्क्याच्या एका लांब बैठकीत एका सिगारेटच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त धूर आत जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितले. मुंबईत हुक्का पार्लरांचे पीक आले, डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ माणसे गेली आणि पुढच्या वर्षी राज्याने हुक्का पार्लरांवर बंदी घातली.

महाराष्ट्र मात्र धुरावर फारसा जगलाच नाही. आपल्याकडे तंबाखू मळली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तळहातावर तंबाखूची चिमूट, तिच्यावर बोटाने चुना, अंगठ्याने मळणे, दोन थापा, आणि बार ओठाआड. यात चुना कशाला? निकोटिन हा स्वभावाने अल्कली. आम्लात तो बांधलेला राहतो आणि तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात जात नाही. चुन्यासारखा अल्कली भेटला की मोकळा होतो आणि गालातूनच शोषला जातो. प्रयोगशाळेशिवाय, कोणाचेही नाव मागे न राहता, आपल्या लोकांनी तलफेचे माप बोटावरच्या चुन्याने कमीजास्त करण्याची विद्या साधली होती. कडक हवी तर चुना थोडा जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण गमची आणि ई-सिगारेटचीही सगळी कळ इथेच आहे.

सिगारेट ही याच्या उलट चाल. भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया पानाचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. तोंडात घोळवून त्याचा उपयोग नाही, छातीत ओढावा लागतो. घशाला सौम्य असल्यामुळे तो ओढताही येतो. फुप्फुसातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. सिगारेट जबर पकडते ती या वेगामुळे. एका सिगारेटच्या तंबाखूत दहा-बारा मिलिग्रॅम निकोटिन असते, पण ओढणाऱ्याच्या अंगात जाते ते एक-दीड मिलिग्रॅम.

या सौम्य धुराचा मोठा कारखाना आपल्या उपनगरांत होता, ही गोष्ट नव्या अंधेरीकरांना बहुधा माहीत नसते. विलेपार्ल्याला स्वामी विवेकानंद रस्त्यावर गोल्डन टोबॅको, 'पनामा' सिगारेटवाले. अंधेरी पूर्वेला चकाल्यात गॉडफ्रे फिलिप्स, 'फोर स्क्वेअर'वाले. पार्ल्याचे नाव निघाले की बिस्किटांच्या वासाची आठवण सगळे काढतात, सिगारेटची कोणी काढत नाही. आज या दोन्ही ठिकाणी सिगारेट बनत नाही. चकाला हे आता मेट्रोचे स्थानक आणि कार्यालयांच्या काचेच्या इमारती, आणि त्या इमारतींच्या फाटकाबाहेर चहाची टपरी, तिच्या शेजारी पानवाला.

त्या जमान्यात माप ब्रँडवरून ठरे. चारमिनार ओढणारा कडक, विल्स फिल्टर ओढणारा नेमस्त. विल्स फिल्टर १९६३ मध्ये बाजारात आली. तिची 'मेड फॉर ईच अदर' ही गाजलेली ओळ जोडप्याबद्दल वाटते, प्रत्यक्षात ती फिल्टर आणि तंबाखू यांच्या जोडीबद्दल होती. हुक्क्याच्या पाण्याची जागा अशी फिल्टरने घेतली. पुढे पाश्चात्त्य बाजारात 'लाइट' सिगारेटी आल्या. अमेरिकेत १९६७ पासून यंत्राकडून झुरके ओढवून डांबर आणि निकोटिन मोजले जाऊ लागले आणि पाकिटांना आकडे मिळाले. फिल्टरच्या कडेला बारीक छिद्रे होती, यंत्र त्यातून हवा घेई म्हणून आकडा कमी येई. माणसाची बोटे मात्र नेमकी त्या छिद्रांवर पडत. शिवाय तलफ भागली नाही की तो जोरात आणि खोल ओढे. आकडा घटला, अंगात जाणारे तेवढेच राहिले. आपल्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातही निकोटिन आणि डांबराचे प्रमाण पाकिटावर छापण्याची तरतूद आहे, पण ते आकडे पाकिटावर कधी आले नाहीत. आले ते चित्र, एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर. माझ्या मते हे बरेच झाले. कमी आकडा वाचून निर्धास्त होणाऱ्यांची एक पिढी परदेशात होऊन गेली आहे.

गमचा जन्म स्वीडनचा. डिसेंबर १९६७ मध्ये लुंड विद्यापीठातले क्लास लुंडग्रेन यांनी हेलसिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीतले ओवे फेर्नो यांना एक पत्र लिहिले. पाणबुडीत आणि विमानात धूर काढायला मनाई, तेव्हा तिथले धूम्रपान करणारे लोक तोंडात ठेवायच्या तंबाखूवर भागवून घेतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. मग तंबाखूशिवाय नुसते निकोटिनच तोंडात का ठेवू नये? फेर्नो स्वतः सिगारेट ओढणारे. निकोटिन राळेला बांधून ठेवायचे, चावले की ते हळूहळू सुटेल, आणि गममध्ये सोड्यासारखा क्षार घालायचा, म्हणजे तोंड अल्कली होऊन निकोटिन गालातून शिरेल. म्हणजे पुन्हा चुनाच. सिन्नरच्या बाजारात बसलेल्या कुठल्याही मळणाऱ्याला हे पत्र वाचून दाखवले असते तर त्याला त्यात नवे काही वाटले नसते. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने या गमला औषध म्हणून मान्यता दिली, अमेरिकेने १९८४ मध्ये.

दोन आणि चार हे आकडेही तिथलेच. त्यातला कोणता कोणाला, हे ठरवायला स्वीडनच्याच कार्ल फागरस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली कामी आली. तिच्यातला सर्वांत कामाचा प्रश्न किती ओढता हा नाही. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने पेटवता, हा आहे. रात्रभर रिकामे झालेले रक्त किती लवकर ओरडते हे त्यावरून कळते. अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याला चारचा, त्यापेक्षा थांबू शकणाऱ्याला दोनचा. दहाच सिगारेटी ओढणारा, पण पहिली अंथरुणातच पेटवणारा माणूस दोनच्या गमवर अडखळतो, आणि गमचा उपयोग नाही असे सांगत फिरतो.

हिंदुस्थानात हा धंदाही मुंबईच्या आसपासच रुजला. 'निकोटेक्स'वाली सिप्ला मुंबईची, तर 'टूबॅकोनिल' गम आणि पट्ट्या काढणारी रुसान फार्मा कांदिवलीच्या चारकोपची. सिगारेट चकाल्याची, उतारा चारकोपचा, मध्ये पश्चिम रेल्वेची जेमतेम पाच-सहा स्थानके. खुद्द आयटीसीनेही 'क्विकनिक' नावाचा निकोटिन गम बाजारात आणला. एकाच कंपनीने तलफही विकावी आणि तलफेवरचा उपायही, यात कोणाला काही खटकले नाही. २००२ मध्ये देशात तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली, त्यांत परळचे टाटा स्मारक रुग्णालय होते. सप्टेंबर २०२२ मध्ये निकोटिन गमसारखी औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

मधल्या काळात ई-सिगारेट येऊन गेली. पेनसिल्व्हानियातल्या हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ मध्ये धुराशिवायच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण ती कोणी बाजारात आणली नाही. आज ओळखतो ती वस्तू चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाची, २००३ ची. गम जिथे हरतो तिथे ही जिंकते: वेगात, आणि हात-तोंडाच्या सवयीत. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ८८६ जणांच्या चाचणीत पहिल्या गटाला १८ मिलिग्रॅमच्या द्रवाची ई-सिगारेट दिली, दुसऱ्याला गम, पट्ट्या वगैरे. वर्षाने सिगारेटमुक्त राहिले ते १८ टक्के आणि ९.९ टक्के. याच चाचणीतला दुसरा आकडा लोक कमी सांगतात: पहिल्या गटातल्या सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटातले औषध वापरत राहिलेले ९ टक्के.

आकड्याचा खेळ इथेही झाला. सुरुवातीच्या द्रवातले मोकळे निकोटिन जास्त घातले की घसा जाळे, म्हणून माप आपोआप मर्यादेत राही. २०१५ च्या 'जूल' या ई-सिगारेटने त्यात बेंझोइक आम्ल मिसळले. व्हर्जिनिया पानाने आम्लाच्या जोरावर जे केले होते तेच, फक्त बाटलीत. ५ टक्के, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम, इतके कडक द्रवही शाळकरी मुलाच्या घशाला लागेना. युरोपने २० ची मर्यादा घातली. अमेरिकेत घातली नाही, आणि तिथल्या शाळकरी मुलांत तिचे लोण पसरले ते पाहून मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पूर्ण बंदीची शिफारस केली.

दोन भाऊ धरा, एक लंडनला स्थायिक झालेला, दुसरा मुलुंडला. दोघेही वीस-वीस ओढणारे. लंडनच्याला सरकारी सल्लागार ई-सिगारेटचा संच हातात देऊ शकतो, कारण एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख लोकांना असे संच देण्याची घोषणा केली. मुलुंडच्याने तोच संच विकला तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कायद्याच्या बंदी कलमात ओढणाऱ्याचा उल्लेख नाही, पण उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळे आहे. ती सरळ मार्गाने हाती येण्याचा रस्ताच उरत नाही. आडमार्गाने येते ती विनापावतीची. पुठ्ठ्यावर '५%' छापलेले असते, ते खरे की खोटे हे तपासणारे कोणी नाही. माप निवडायचे तर आधी मापावर विश्वास हवा, म्हणून सोडण्यासाठी अशी वस्तू घ्यावी असे मी कोणाला सांगणार नाही. दुसरीकडे, साधी सिगारेट पानवाल्याकडे उघड मिळत राहावी आणि तिला सोडवू शकणारी वस्तू बंद असावी, हा हिशेबही मला कधी पटलेला नाही.

राहतो गम. वंशावळ जाणणाऱ्याने तो च्युइंगमसारखा नव्हे, तंबाखूच्या बारासारखा वापरावा: चार-दोन वेळा सावकाश चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, मग अंतर वाढवत बारा आठवड्यांत बंद. जोडीला निकोटिनची पट्टी दंडावर लावली तर एकट्या गमपेक्षा यश जास्त येते. सिगारेटच्या पाकिटावर निकोटिनचा आकडा कधी आला नाही, पण सप्टेंबर २०१८ पासून दूरध्वनीचा आला, १८००-११-२३५६. तिथे हे सगळे फुकट समजावून सांगतात.

आणि चहा. चहा-कॉफी किंचित आम्ल. गमच्या आधी पंधरा मिनिटे किंवा गम तोंडात असताना घेतली तर गालातला सगळा क्षार वाया जातो आणि निकोटिन थुंकीबरोबर पोटात जाऊन उचकी आणते. चकाल्याच्या टपरीवर कटिंगबरोबर सुट्टी सिगारेट ओढणाऱ्याला गम लागतो तो नेमका चहाच्याच वेळी. ही सूचना गमच्या डबीतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर असते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, पण गम सुटाच विकला जातो. दुकानदार पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो, आणि कागद डबीतच राहतो.