सासवडचा पुरंदरे वाडा व ‘दहा दिवसां’चा वेढा

दिवे घाट चढून सासवडास येणारा यात्रिक बहुधा सोपानदेवांची समाधि व संगमेश्वराचें देऊळ पाहून परत फिरतो. नदीकांठचा पुरंदऱ्यांचा वाडा त्यानें पाहिलाच, तर दरवाजापुढें क्षणभर उभा राहून “हा धाकटा शनिवारवाडा” एवढें म्हणून तो वाटेस लागतो. आमच्या मतें या वास्तूकडे पाहण्याची ही रीतच चुकीची आहे. शनिवारवाड्याशीं तुलना करण्याच्या नादांत या वाड्याचें स्वतःचें जें वैशिष्ट्य तेंच नजरेआड होतें; आणि १८१८ च्या एका प्रसंगाविषयीं छापील ग्रंथांत जी विसंगति आहे, तिचा उलगडा करण्यास उपयोगी पडेल असा पुरावा या पडक्या भिंतींखेरीज अन्यत्र शोधावयास नको, इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

पुरंदरे हे कऱ्हेपठारचे देशकुलकर्णी. बाळाजी विश्वनाथ कोंकणांतून देशावर आल्यावर अंबाजीपंत पुरंदऱ्यांचें त्यास पाठबळ मिळालें, व पुढें पेशवाई आल्यावर अंबाजीपंत त्यांचे मुतालिक झाले, ही हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. एप्रिल १७२० मध्यें बाळाजीपंतांचा अंत सासवडासच झाला. बाजीरावांनीं बिऱ्हाड पुण्यास हलविलें आणि १० जानेवारी १७३० रोजीं शनिवारवाड्याचा पाया घातला. तोंपर्यंत पेशव्यांच्या घराचा पत्ता सासवड हाच होता. पुरंदऱ्यांचें वतन मात्र येथेंच राहिलें, व वतन तेथें घर या न्यायानें त्यांचा वाडाही येथेंच राहिला. (जातां जातां एक शब्दाची गंमत. पुरंदर म्हणजे पुरें, अर्थात् तटबंद ठाणीं, फोडणारा. वेदांत हें इंद्राचें विशेषण आहे. तें ज्यांच्या आडनांवांत आलें त्यांचेंच ठाणें फोडतां फोडतां परक्यांच्या तोफा थकाव्या, हा योग पाहण्यासारखा आहे.)

वाडा कऱ्हा व तिला मिळणारा ओढा यांच्या संगमाजवळ आहे. दरवाजाच्या दोहों अंगांस भक्कम बुरूज, तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा. हीच मांडणी शनिवारवाड्याची असल्यामुळें दोहोंत बिंब-प्रतिबिंब पाहण्याचा मोह होतो. परंतु खालीं दगड व वर वीट, दाराशीं बुरूज आणि आंत चौक, हा त्या काळच्या देशावरील गढ्यांचा सर्वसाधारण घाट आहे. पांच दरवाजे व नऊ बुरूज असलेला शनिवारवाडा हा राज्यकारभाराचा वाडा. सासवडचा हा वतनदाराचा. त्यास दरबार भरविण्यापेक्षां धान्य, माणसें व कागद हीं तीन सांभाळावयाचीं होतीं. साम्य म्हणावयाचें तर आजच्या अवस्थेंत आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळून तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं. येथें आंतील पडझड काळानें व पावसानें केली.

दरवाजांतून आंत गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरतो तो झाडोरा. त्यांतून वाट काढीत गेलें म्हणजे पायाखालीं जोत्यांचे चिरे लागूं लागतात. अशा ठिकाणीं आम्ही एक नियम पाळीत आलों आहों: वर न पाहतां प्रथम खालीं पाहावें. छपरें, तक्तपोशी, खांब हें सर्व नाहींसें होतें, नाहीं तर लांकडाच्या व्यापाऱ्याकडे जातें. जोतें मात्र सहसा कोणी नेत नाहीं. जोत्यावरून चौक मोजतां येतो, चौकावरून सोपे, आणि भिंतींत राहिलेल्या तुळयांच्या खोबणींवरून मजले. अशा रीतीनें न दिसणारा वाडा कागदावर उभा करितां येतो. पण पिंपळाचें मूळ एकदां दर्जांत शिरलें कीं दर पावसाळ्यास या हिशेबांतील एक एक आंकडा पुसला जातो.

आतां मुख्य मुद्दा. इंपीरियल ग्याझेटियरांत सासवडाखालीं असें आहे कीं, संगमाजवळचा हा तटबंद वाडा बहुतेक अरबांच्याच शिबंदीनें १८१८ सालीं इंग्रजी फौजेच्या तुकडीविरुद्ध दहा दिवस लढविला. पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या ग्याझेटियरांतील हकीकत निराळी आहे. जनरल प्रिट्झलर पुरंदर घेण्यास आला तेव्हां सासवडास सुमारें दोनशें लोक, अरब व इतर, एका मजबूत दगडी इमारतींत दडून बसले. सहा पौंडी तोफा आणिल्या, त्यांचा परिणाम होईना. अठरा पौंडी लाविल्या, त्यांनींही भिंतीस विशेष कांहीं झालेलें दिसेना. परंतु त्यांच्या धाकानें आंतले लोक बिनशर्त शरण आले. येथें दहा दिवसांचा उल्लेख नाहीं.

या दोन हकीकती तारखांच्या कसास लावून पाहूं. सिंहगड २ मार्च १८१८ रोजीं पडला. पुरंदरावर १४ मार्चला उखळी तोफांचा मारा सुरू झाला. १५ ला वज्रगड व १६ ला पुरंदर इंग्रजांच्या हातीं गेला. शके १७३९ चा हा फाल्गुन महिना होय. म्हणजे मधले दिवस सारे बारा. तेवढ्यांत सिंहगडाचा ताबा घ्यावयाचा, बैलांकरवीं जड तोफा सासवडपर्यंत ओढावयाच्या, वाडा घ्यावयाचा, आणि पुरंदराखालीं मोर्चे बांधावयाचे. या व्यवहारांत दहा दिवस वाड्यास देण्यास जागा उरत नाहीं. एखाद्या तुकडीनें जड तोफा येण्यापूर्वींच वाड्यास नुसतें घेरलें असेल व ते दिवसही मोजणींत धरले असतील, तर गोष्ट निराळी. पण त्यास वेढा म्हणावें, लढाई म्हणूं नये. आमचा कल दहा दिवसांविरुद्ध आहे. सासवडकरांस हें रुचणार नाहीं. परंतु दिवस कमी झाले म्हणून भिंतीचा मान कमी होत नाहीं. अठरा पौंडी गोळ्याचें वजन आठ किलोंहून अधिक. तो सोसणारी भिंत खेडेगांवांतील वतनदाराच्या घराची आहे, ही गोष्ट दहा दिवसांच्या आख्यायिकेपेक्षां आम्हांस मोठी वाटते.

आणखी एक लक्षांत घ्यावें. पुणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत इमारत ‘दगडी’ म्हटली आहे, विटांचें नांवही नाहीं. यावरून मूळ हकीकत देणाऱ्याची दृष्टि तटाच्या खालच्या भागावर, म्हणजे दरवाजा व त्याच्या बगलेच्या दगडी बांधकामावर खिळली होती, असें अनुमान निघतें. तोफांचा रोंखही तिकडेच असणार.

या घराचे कागद वाड्यापेक्षां सुदैवी ठरले. कृष्णाजी वासुदेव पुरंदरे यांनीं संपादिलेलें ‘पुरंदरे दप्तर’ भारत इतिहास संशोधक मंडळानें १९२९ पासून तीन भागांत प्रसिद्ध केलें, आणि पानिपतच्या मोहिमेचा अभ्यास करणाऱ्यास त्यांतील पत्रांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. पण संग्राहक मित्रांस येथें एक सांगावेंसें वाटतें. जुन्या घरांतून रुमाल बाहेर काढतांना आपण कागदाची मिति टिपतों. तो कोणत्या खणांत, कोणत्या फडताळांत, कशाच्या शेजारीं होता हें टिपीत नाहीं. देवघराशेजारचा रुमाल व कोठीच्या खोलींतील रुमाल यांत अर्थाचा भेद असतो. घर पडलें म्हणजे तो भेद कायमचा गेला. वाड्यांचीं मोजमापें झाल्यावांचून दप्तरें हलवूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राहतां राहिली भिंतीची साक्ष. अठरा पौंडी गोळा घडीव चिऱ्यावर आदळला तर टवका उडून उथळ बशीसारखी खळी पडते. चुन्यांतील विटेंत तो शिरतो व भोंवतालची वीट भुगा होते. पहाड बांधतांना ठेविलेलीं भोंकें एका ओळींत व सारख्या अंतरावर असतात, जंग्यांचा उतार आंतून बाहेर असतो, आणि विटा उपसून नेल्याच्या जागा हात पोंचेल तेवढ्याच उंचीवर असतात; हीं तीन वगळून उरतील त्या खुणा मोजाव्या. त्या थोड्या व दरवाजाजवळच एकवटलेल्या निघाल्या, तर मारा अल्पकाळचा. अनेक बाजूंस पसरलेल्या निघाल्या, तर आम्हांस आपलें मत फिरवावें लागेल. काम दोन माणसांचें व एका फितीचें आहे. सकाळचें तिरपें ऊन भिंतीवर असतां तें करावें, मालकांची परवानगी आधीं घ्यावी, आणि दर्जा सिमेंटानें भरण्याचा विचार कोणाच्या मनांत असल्यास त्यापूर्वींच तें उरकावें.