बंद झालेल्या मोटारी, चालू राहिलेली दुरुस्ती : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील जुन्या हॉट हॅचबॅक मोटारींच्या सामायिक जतनाचा इतिहास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने उत्पादनाच्या अंगाने लिहिला गेला आहे. १९५४ मध्ये पिंपरीत उभा राहिलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना, १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, टेल्को व बजाज ऑटोचे प्रकल्प, १९७० ची नगरपालिका, १९८२ ची महानगरपालिका, कामगार चळवळ आणि पुढे चाकणकडे सरकलेली देशी-परदेशी गुंतवणूक हे या लेखनाचे ठरलेले टप्पे होत. मोटार कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की इतिहासकाराचे तिच्याकडील लक्ष संपते. ती पुढे पंधरा-वीस वर्षे कोणी चालवली, कोणी दुरुस्त केली, उत्पादन थांबल्यावर तिचे सुटे भाग कोठून आले, हे प्रश्न अर्थशास्त्राचे, तंत्रज्ञानाचे किंवा केवळ हौसेचे मानले गेले आहेत.

प्रस्तुत निबंधात अशा मोटारींपैकी एका लहान वर्गाचा विचार केला आहे. फियाट पॅलिओ १.६, फियाट पुंटोची टर्बो आवृत्ती आणि फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या मोटारींना वाहनशौकीन ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. त्या आता वयस्क झाल्या असून त्यांचे मालक दुरुस्तीचे काम, हत्यारे, भाग आणि माहिती आपसांत वाटून घेतात. मोटारीचे आयुष्य लोखंडाच्या झिजेपेक्षा तिच्या दुरुस्तीचे ज्ञान व सुटे भाग कोणाच्या ताब्यात आहेत यावर अधिक ठरते, असे येथील प्रतिपादन आहे. या पट्ट्यात ते ज्ञान मोटार कारखान्यांनीच घडविले आणि मोटारमालकापर्यंत जाणारी त्याची वाटही बऱ्याच अंशी त्यांनीच रोखून धरली.

दुर्मिळता करातून आली

हॅचबॅक म्हणजे मागील बाजूस वर उघडणारे दार असलेली आटोपशीर मोटार. अशा साध्या मोटारीला मोठे वा अधिक शक्तीचे इंजिन बसविण्याची प्रथा युरोपात १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून रूढ झाली. भारतात हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो २००१ मध्ये. त्या वर्षी फियाटने कुर्ला येथील कारखान्यातून पॅलिओ बाजारात आणली. तिच्या १.६ लिटर आवृत्तीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती आणि त्या काळच्या छोट्या मोटारींत ती उठून दिसे. कुर्ल्याचा हा कारखाना मुळात वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा. याच प्रीमियरचा यंत्र-हत्यारांचा कारखाना चिंचवडला होता आणि २००९ मध्ये तेथूनच ‘रिओ’ ही मोटारही तयार होऊ लागली, हा दुवा सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

२००६-०७ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने चित्र पालटले. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत आणि डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पॅलिओ लांबीने या मर्यादेत बसत होती, इंजिनाने बसत नव्हती. यानंतर छोट्या मोटारीत मोठे इंजिन बसविणे म्हणजे ग्राहकाला जाणूनबुजून महाग मोटार विकणे ठरले. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा तिचे इंजिन १,१९७ घनसेंटिमीटरचे होते. टर्बोचार्जर लावून त्यातून १०५ अश्वशक्ती मिळविण्यात आली होती. शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे तयार झालेल्या अबार्थ पुंटोने (२०१५) मात्र १.४ लिटर इंजिन व १४५ अश्वशक्ती ठेवली आणि ती या सवलतीबाहेरच राहिली. अशा मोटारी थोड्याच विकल्या गेल्या यात आश्चर्य नाही. संख्या थोडी म्हणून सुट्या भागांचा साठा थोडा, साठा थोडा म्हणून किंमत जास्त आणि प्रतीक्षा लांब. मालकांना एकमेकांच्या दारी नेणारी पहिली गरज येथे निर्माण झाली.

कौशल्याची घडण

हे मालक पुणे जिल्ह्यात एकत्र येऊ शकले यामागे पट्ट्याची जुनी जडणघडण आहे. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुणे प्रकल्पात आरंभी यंत्र-हत्यारे, साचे आणि प्रशिक्षण यांवर भर दिला. पहिले व्यापारी वाहन तेथून बाहेर पडले ते १९७७ मध्ये. शिकाऊ उमेदवारांच्या पिढ्या येथे तयार झाल्या. महानगरपालिकेच्या मोरवाडी येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी त्यात भर घातली. टर्नर, फिटर, टूलरूममधील कारागीर यांपैकी अनेकांनी पुढे भोसरीत एक-दोन लेथवर आपले शेड थाटले. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली, तिची जुळणी पिंपरीत होऊ लागली आणि मोटारगाडीच्या बारीकसारीक भागांचा पुरवठा करणाऱ्यांचे जाळे दाट झाले. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन झाले, त्याच वर्षअखेरीस पोलोचे उत्पादन सुरू झाले आणि ते २०२२ पर्यंत चालले.

म्हणजे चाकणची पोलो ज्या गावात तयार झाली त्याच्या आसपासच तिचे रबर, पत्रा, प्लॅस्टिक व ओतीव भाग तयार करणारे हात होते. एवढे असूनही मालकाला तो भाग सहज मिळत नव्हता. त्याचे कारण पुढे येईल.

सामायिक दुरुस्तीचे स्वरूप

या मालकांत कारखान्यांतील अभियंते, गुणवत्ता निरीक्षक, हिंजवडीतील संगणक कंपन्यांतले नोकरदार आणि स्वतःचे लहान वर्कशॉप असणारे उद्योजक असे निरनिराळे लोक आढळतात. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुटी गुरुवारी, संगणक कंपन्यांची शनिवार-रविवारी. एकाच गॅरेजात दोन वारी दोन वेगळ्या जगांतील माणसे येतात, ही या पट्ट्याची खास लकब म्हणता येईल.

वाटून घेण्याची पहिली गोष्ट म्हणजे भागांची सोयरीक. १.३ लिटर मल्टिजेट हे फियाटचे डिझेल इंजिन पुंटोत होते, तेच परवान्याखाली मारुती स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही होते. त्यामुळे पुंटोचे अनेक भाग दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर, दुसऱ्या क्रमांकाखाली, पुष्कळदा स्वस्तात मिळतात. पोलोची अशीच सोयरीक व्हेंटो व स्कोडा रॅपिड यांच्याशी आहे. या दोन्ही मोटारीही चाकणलाच तयार झाल्या. पॅलिओचे नाते सिएना, पेट्रा या भावंडांशी, तसेच ब्राझील व तुर्कस्तानात तयार झालेल्या तिच्याच जातभाईंशी. कोणता भाग कोणत्या मोटारीचा चालतो, कोणता केवळ दिसायला सारखा आहे आणि बसविल्यावर दगा देतो, याची यादी कोणत्याही अधिकृत पुस्तिकेत नाही. ती चुका करीत, पदरचे पैसे घालवीत तयार झाली. पुण्यातील नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रस्ता येथील दुकानदारांची स्मरणशक्ती हा तिचा दुसरा आधार.

दुसरी गोष्ट, जो भाग कोठेच मिळत नाही तो करून घेणे. सस्पेन्शनचे रबरी बुश हे याचे ठळक उदाहरण. रबर वर्षांनुवर्षे उष्णता, तेल व धक्के सोसून चिरते, चाके डगमगू लागतात, खड्ड्यात ठोका ऐकू येतो. बुश दिसायला क्षुद्र, पण त्यासाठी साचा करावा लागतो आणि दोन नगांसाठी कोणी साचा करीत नाही. दहा-वीस मालकांनी मिळून मागणी दिली, एकाने न झिजलेला नमुना दिला, दुसऱ्याने मापे घेऊन आरेखन केले आणि साच्याचा खर्च विभागला गेला, म्हणजे काम होते. रबराचा कडकपणा किती ठेवावा यावर मात्र वाद होतात. कडक बुश वळणावर मोटार घट्ट धरतो आणि घरच्या मंडळींची पाठ दुखवतो.

तिसरी गोष्ट निदानयंत्रांची. पोलो जीटी टीएसआयची सात गतींची दुहेरी क्लचची गिअरपेटी संगणकनियंत्रित आहे. या जातीच्या गिअरपेटीसाठी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख मोटारी परत बोलावल्या होत्या. उष्ण व दमट हवामानात कृत्रिम तेलामुळे विद्युतदोष संभवतो म्हणून त्याजागी खनिज तेल भरण्यात आले. अशा यंत्रणेचा क्लच बदलल्यावर तो संगणकाला नव्याने ओळखवून द्यावा लागतो. पाना-स्क्रूड्रायव्हर येथे अपुरे पडतात. एकाने निदानाची केबल व आज्ञावली विकत घ्यावी आणि ती इतरांत फिरावी, अशी पद्धत त्यातून पडली. जुन्या फियाटच्या काळी शेजाऱ्याकडून जॅक मागून आणत, त्याचाच हा नवा अवतार.

या सहकार्याचे गोडवे गाताना एक बाब झाकली जाते. मालक माहिती वाटतात, छायाचित्रे ठेवतात, श्रेयही घेतात. प्रत्यक्ष गिअरपेटी खाली उतरविणारा मिस्त्री बहुधा निनावी राहतो. त्याने बोटांच्या अंदाजाने ओळखलेली बेअरिंगची कुरकुर कोणाच्या नोंदीत येत नाही. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मालकांआधी या मिस्त्रींकडे जाणे अगत्याचे आहे.

सुट्या भागांवर हक्क कोणाचा?

चाकणचा पुरवठादार आपण तयार केलेला भाग पाच किलोमीटरवरील मोटारमालकाला का विकू शकत नव्हता, याचे उत्तर भारतीय स्पर्धा आयोगापुढील एका प्रकरणात सापडते. शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये केलेली मूळ तक्रार होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध होती. येथे विचारात घेतलेल्या तिन्ही मोटारी यांपैकी दोन कंपन्यांच्या आहेत, हा केवळ योगायोग म्हणून सोडता येणार नाही. चौकशीची व्याप्ती पुढे वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने टाटा मोटर्स, महिंद्र, मारुती, स्कोडा, मर्सिडीज-बेंझ यांसह १४ उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुरवठादारांना खुल्या बाजारात भाग विकण्यापासून रोखणे आणि स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व निदानसाधने न मिळू देणे हे स्पर्धेला मारक ठरविण्यात आले. पुरवठादारांवरील विक्रीबंदी उठवावी, साधने उपलब्ध करावीत, असे आदेशही देण्यात आले.

उत्पादकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आरेखन, साचे व तंत्रज्ञान आमचे आहे. अप्रशिक्षित हातांनी केलेल्या दुरुस्तीतून अपघात झाल्यास नाव आमचे जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रेक व एअरबॅगच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. दाराच्या रबरी पट्टीच्या बाबतीत ते हास्यास्पद ठरते. प्रकरण अपिलांत गेले. डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड व निसान यांच्या अपिलांत आयोगाचे निष्कर्ष उचलून धरले, दंडाची रक्कम मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरती कमी केली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि तिच्या कार्यक्षेत्रात मोटारींचाही समावेश केला. न्यायनिवाडा व धोरण यांची ही गती आणि मोटारीच्या झिजण्याची गती यांचा मेळ बसत नाही. तक्रार दाखल झाली तेव्हा पहिली पॅलिओ दहा वर्षांची होती; न्यायाधिकरणाचा निकाल लागला त्या वर्षी तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरली. दरम्यान मालकांनी आपली वाट स्वतःच काढली होती.

नोंदणी, भंगार आणि वारसा

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रातील पर्यावरण कर त्याखेरीज. प्रदूषण रोखण्याच्या हेतूविषयी दुमत नाही. परंतु नीट राखलेली मोटार आणि धूर ओकणारी मोटार यांना हे शुल्क सारखेच लागू होते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या मोटारींच्या वारशाची दखल घेणारे नियम केले. त्यात ‘व्हिंटेज’ ठरण्यासाठी पन्नास वर्षांची अट आहे. संस्थानिकांच्या व धनिकांच्या मोटारींना तिचा लाभ होतो. २००१ ची पॅलिओ ही अट २०५१ मध्ये पूर्ण करील. तोवर कायद्याच्या दृष्टीने ती वारसा नसून केवळ जुनी मोटार. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई केली. पुनर्स्थापन व फेरबदल यांतील रेषा त्यामुळे काटेकोर पाळावी लागते. भावंड मोटारीचा मूळ क्षमतेचा भाग बसविणे आणि अधिक शक्तीसाठी संगणकाची आज्ञावली बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेगाची हौस असलेल्या काही मालकांना हा फरक रुचत नाही. इंजिनच बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

भागांचा स्रोतही आटत आहे. चिखलीजवळील कुदळवाडी हा भंगार व लघुउद्योगांचा मोठा परिसर. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. आगी, प्रदूषण व नियोजनाचा बोजवारा ही कारणे खरी होती. मात्र धातू, प्लॅस्टिक व टाकाऊ यंत्रभाग वेगळे करणारी एक व्यवस्थाही त्यासोबत विखुरली. त्याच वर्षी देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल रूढ झाले. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. पॅलिओच्या इंधननळ्या व सील बदलण्याचे काम त्यामुळे सध्या या मालकांच्या यादीत वर आले आहे; योग्य जातीच्या रबराची नळी कोठे मिळते, कोणत्या व्यासाची लागते, याची देवाणघेवाण सुरू आहे. २०१३ मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या पोलो जीटी टीएसआय मोटारींच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरतील आणि चाकणला तयार झालेल्या या मोटारी नूतनीकरणाच्या पहिल्या तपासणीसाठी उभ्या राहतील.