एक खार, अनेक खारी

‘एक, अनेक और एकता’ हा जेमतेम सात मिनिटांचा ॲनिमेशनपट बहुतेकांना ‘दूरदर्शनची फिल्म’ म्हणूनच आठवतो. तारखा लावून पाहिल्या की वेगळं दिसतं. फिल्म्स डिव्हिजनचा हा चित्रपट १९७४चा. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते १९७६च्या एप्रिलमध्ये. म्हणजे संस्थेपेक्षा चित्रपट वयाने मोठा आहे.

त्याच्या दिग्दर्शिका, मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे, त्या काळात सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचं काम पाहत होत्या. उपग्रहावरून खेडोपाडी टीव्ही नेणारा ‘साइट’ प्रयोग १९७५च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि वर्षभर चालला. त्यातले मुलांसाठीचे कार्यक्रम करण्याचं काम या केंद्राकडेही होतं. सुमारे २४०० गावं, सहा राज्यं; त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे इथली गावं, उदाहरणार्थ तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेलं पूर्णाकाठचं सिद्धेश्वर, या प्रयोगाबाहेर राहिली. अशा गावांत टीव्ही पुढे दूरदर्शनबरोबरच आला. नाव त्याचंच लागलं, यात नवल नाही.

तारखांपेक्षा बोलका दस्तऐवज म्हणजे चित्रपटच. ताई मुलांना सूर्य, चंद्र, तारे दाखवते. मग एक खार आणि अनेक खारी, एक फुलपाखरू आणि अनेक फुलपाखरं. पुढे दाण्यांवर उतरलेली पाखरं जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. गोष्ट पंचतंत्रातली, पण ॲनिमेटर भीमसेन यांची रेषा इतकी साधी की प्राण्यांना जिवंतपणा येतो तो सुरांमुळे. यातले सगळे प्राणी तालात आहेत. मला तर हे संगीतातूनच सुचलेलं चित्र वाटतं.

ते संगीत वसंत देसाईंचं. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांत म्हटल्या गेल्या. मुलांच्या गळ्याला काय पेलतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. १९७५च्या डिसेंबरात ते गेले, म्हणजे हे त्यांच्या अगदी अखेरच्या कामांपैकी एक. गाण्यातला आवाज साधना सरगम यांचा. त्यांचा जन्म १९६९चा, तेव्हा वय पाचेक वर्षांचं असणार. शब्द दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे विनयचंद्र मौद्गल्य यांचे. त्यांचे गुरू मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन आणि बुवांचे गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर.